रुपयाचा हिशेब मागणारा विद्यार्थी

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि मराठीच्या पेपरात दरवर्षी काठावर पास! त्यामुळे मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिही असं मॅडमनी सांगितल्यावर मी दोन दिवस त्यांना चुकवत फिरत होते. शेवटी सबमिशनच्या रांगेत सापडले. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या. पण विषय मात्र मनापासून निवडलाय.

तर झालं असं. पहिल्या वर्षापासून माझ्या लॅपटॉपवर एक एक्सेल शीट आहे. एमएसला गेले तर फी किती, राहण्याचा खर्च किती, कर्ज किती काढावं लागेल, सगळं त्यात आहे. वरच्या कोपऱ्यात एक पिवळा चौकोन आहे, त्यात डॉलरचा दर भरायचा. तिसऱ्या वर्षाला आल्यावर मी नवा दर भरला आणि खालची बेरीज एकदम वर गेली. फी तीच, कॉलेज तेच, तरी कर्ज वाढलं! पप्पांना फोन केला तर त्यांनी एकच विचारलं, की हा दर ठरवतं तरी कोण? मी गप्प. व्हायवामध्ये बसते तशी.

त्याच आठवड्यात १४ एप्रिलनिमित्त आपल्या लायब्ररीत पुस्तकं मांडली होती. त्यात महाराष्ट्र शासनाने काढलेल्या बाबासाहेबांच्या समग्र ग्रंथांचा सहावा खंड होता. उघडला तर आत 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'. म्हणजे रुपयाचा प्रश्न. मला खरंच आश्चर्य वाटलं. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले, चौकातल्या पुतळ्यातले, हातात राज्यघटना धरलेले डॉ. आंबेडकर मला माहीत होते. पण रुपया आणि पौंड यांच्या दरावर लंडनमध्ये डॉक्टरेट मिळवणारा विद्यार्थी माझ्या ओळखीचा नव्हता. हा लेख त्या विद्यार्थ्याबद्दल आहे.

आधी थोडं गणित करून घेऊ. त्या काळी १२ पेन्सचा एक शिलिंग आणि २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचा दर पेन्समध्ये सांगायचे. रुपयाला २ शिलिंग मिळाले तर पौंडाला १० रुपये. १ शिलिंग ६ पेन्स मिळाले तर १३ रुपये ५ आणे ४ पै. १ शिलिंग ४ पेन्स मिळाले तर १५ रुपये. शिलिंग-पेन्सचा आकडा जेवढा खाली, तेवढा पौंड महाग. एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं आहे.

भीमराव रामजी आंबेडकरांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे. भीमराव हे आईवडिलांचं चौदावं अपत्य. ते जन्मले तेव्हा रुपयाचा दर दीड शिलिंगाच्या आसपास होता आणि घसरत चालला होता. कारण रुपया चांदीचा होता आणि पौंड सोन्याचा. १८७० नंतर जर्मनीने आणि पाठोपाठ इतर देशांनी चांदी सोडून सोन्याचं चलन धरलं. अमेरिकेत चांदीच्या नव्या खाणी निघाल्या. चांदी उतरली, तसा रुपयाही उतरला. १८७१ च्या सुमारास जवळजवळ २ शिलिंग असणारा रुपया १८९४-९५ मध्ये १ शिलिंग १ पेनीपर्यंत आला.

यात कोणाचं काय गेलं? हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये पौंडात मोठी रक्कम भरावी लागे. कर्जावरचं व्याज, निवृत्त साहेबांच्या पेन्शनी, इंडिया ऑफिसचा खर्च. त्याला होम चार्जेस म्हणत. कर मात्र रुपयात गोळा व्हायचा. एक कोटी पौंड भरायला २ शिलिंग दराने १० कोटी रुपये पुरायचे. तेच १ शिलिंग १ पेनीला साडेअठरा कोटी लागायचे. माझ्या एक्सेल शीटचीच ही मोठी आवृत्ती! फरक एवढाच की तिथे जादाचे रुपये शेतकऱ्याच्या साऱ्यातून आणि मिठाच्या करातून यायचे.

म्हणून २६ जून १८९३ रोजी सरकारने लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. आधी कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत होता, ते थांबलं. रुपये पाडायचे की नाही ते यापुढे फक्त सरकार ठरवणार. १८९९ मध्ये १ शिलिंग ४ पेन्स हा दर कायद्यात आला, म्हणजे पौंडाला १५ रुपये. भीमराव तेव्हा आठ वर्षांचे होते.

आता एक प्रसंग सांगते. तो त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९०१ साल. वडील सातारा जिल्ह्यात एका तलावाच्या कामावर कॅशियर होते. ते काम दुष्काळात लोकांना मजुरी मिळावी म्हणून काढलेलं होतं. सुट्टीत वडिलांकडे जायला मुलं साताऱ्याहून आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. पत्र न पोचल्यामुळे न्यायला कोणी आलं नाही. ही मुलं महार आहेत असं कळल्यावर एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी, की भाडं दुप्पट द्यायचं, बैलगाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. ९-१० वर्षांच्या मुलाने त्या दिवशी शिकलेलं अर्थशास्त्र मी विसरू शकत नाही. रुपया एकच, त्यावरचा छापही एकच, पण तो कोणाच्या हातात आहे यावर त्याची किंमत बदलते.

पुढे कुटुंब मुंबईला आलं. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये बी.ए. १९१३ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड. मी लगेच हिशेब केला. त्या वेळच्या दराने १७२ रुपये ८ आणे, आणि अमेरिकेत साधारण ५५-५६ डॉलर. बदल्यात परत येऊन दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायचा करार. आपल्याकडे बाँडच्या नुसत्या नावाने कपाळाला आठ्या पडतात!

कोलंबियात त्यांनी अर्थशास्त्राचा सपाटा लावला. १९१५ मध्ये एम.ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, सोबत ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. महायुद्ध चालू होतं. जमवलेली पुस्तकं वेगळ्या बोटीने पाठवली होती, ती बोट जर्मन पाणबुडीने बुडवली. आपली एक पेन ड्राइव्ह हरवली तर आपण आठवडाभर रडतो, म्हणून सांगितलं.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. पण राहायला जागा कोण देणार? एका पारशी विश्रामगृहात रोज दीड रुपया देऊन, पारशी नाव नोंदवून राहावं लागलं. अकराव्या दिवशी दहा-बारा पारशी लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. अमेरिकेत शिकून आलेला हा अर्थशास्त्रज्ञ रात्रीच्या गाडीची वाट बघत कामाठी बागेत बसून राहिला. त्यांचा दीड रुपया चालला होता, ते स्वतः चालले नाहीत.

मुंबईत १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगारातून काटकसरीने पैसे बाजूला टाकणं चालू होतं, कारण लंडनचा अभ्यास पुरा करायचाच होता. आणि नेमका याच काळात रुपया वेडावला. युद्धात चांदी भयंकर महागली आणि रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवरून चढत चढत फेब्रुवारी १९२० मध्ये अडीच शिलिंगांच्याही वर गेला. एका सरकारी समितीने २ शिलिंगांचा नवा दर सुचवला, सरकारने तो धरला. पण त्याच वर्षी वारं फिरलं. पडता दर सावरण्यासाठी सरकारने १९२० मध्ये सुमारे साडेपाच कोटी पौंड विकले, तरी उपयोग झाला नाही. १९२१ मध्ये रुपया १ शिलिंग ३ पेन्सच्या आसपास येऊन पडला. दीड वर्षात निम्मा!

या चढउताराच्या मधोमध, जुलै १९२० मध्ये, भीमराव पुन्हा लंडनला निघाले. स्वतःची शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतलेले पैसे, एवढी पुंजी. (बडोद्याला काठ्या घेऊन आलेले पारशी आणि हा मित्रही पारशी. माणसांबद्दल घाईने मत बनवू नये, हे इथे मला पटलं.) लंडनमध्ये ते काही काळ १०, किंग हेन्रीज रोड या घरात राहिले. २०१५ मध्ये ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतलं. दिवसभर ब्रिटिश म्युझियम आणि इंडिया ऑफिसची लायब्ररी, रात्री खोलीवर पुन्हा वाचन, जेवणात काटकसर. इकडे मुंबईत रमाबाई मोजक्या पैशांत संसार ओढत होत्या.

१९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांना पत्र लिहून २०० पौंड उसने मागितले. २०० पौंड म्हणजे पौंडाला १५ रुपये धरले तरी ३००० रुपये. फेब्रुवारी १९२० च्या चढ्या दराने तेच पौंड १६०० रुपयांच्या आत मिळाले असते. असा विद्यार्थी विनिमय दराकडे नुसता परीक्षेचा विषय म्हणून बघत असेल असं मला वाटत नाही.

आता प्रबंधाकडे येते. टांकसाळी बंद झाल्यावर जी व्यवस्था तयार झाली, तिला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणत. देशात चांदीचे रुपये आणि नोटा, पण पौंडाशी दर बांधलेला. लंडनमध्ये हुंड्यांसारखी कौन्सिल बिलं विकून आणि इथून उलटी बिलं विकून सरकार दर सांभाळणार. केन्ससारख्या मोठ्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या पुस्तकात या व्यवस्थेची बाजू घेतली होती. लंडनमधल्या हिंदी विद्यार्थ्याने लिहिलं की ही व्यवस्था मुळातच चुकीची आहे.

का, ते मी आपल्या भाषेत सांगते. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण शिकतो की कुठला सिग्नल मोजून फीडबॅक द्यायचा, हे चुकलं तर सगळंच चुकतं. सरकार मोजत होतं रुपया-पौंडाचा दर. बाबासाहेबांचं म्हणणं असं की मोजायला हवी रुपयाची देशातली क्रयशक्ती, म्हणजे बाजारात एका रुपयाला काय मिळतं ते. दर हा परिणाम आहे, कारण नव्हे. सरकारला हवे तेवढे रुपये पाडायची मोकळीक आहे. रुपये जास्त झाले की आधी देशात महागाई होते, आणि मग उशिरा कधीतरी पौंडाचा दर कोसळतो. तोपर्यंत वरून सगळं स्थिर दिसतं, पण मजुराच्या हातातला रुपया झिजलेला असतो. म्हणून त्यांचा उपाय होता रुपये पाडण्यावर पक्की मर्यादा आणि चलन सोन्यावर आधारलेलं. चलन चालवणाऱ्याच्या शहाणपणावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता.

ऑक्टोबर १९२२ मध्ये त्यांनी प्रबंध दिला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून लिहायला सांगितला. आपलं जर्नल परत आलं तर आपण सरांना नावं ठेवतो. इथे पैसे संपत आलेले आणि घर सात समुद्रांपलीकडे. ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहिला आणि लंडनला पाठवला. त्याच वर्षी तो मान्य झाला आणि डी.एस्सी. मिळाली. वर्षअखेरीला पी. एस. किंग या लंडनच्या प्रकाशकाने पुस्तक काढलं. प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची, आणि त्यात त्यांनी आपले मतभेदही नोंदवले आहेत. गाईडशी मतभेद ठेवून डिग्री! त्याच १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते. नोटा छापायला मर्यादा नसली की काय होतं, याचा दाखला साऱ्या जगासमोर होता.

यानंतर सरकारने दर नक्की करण्यासाठी शाही आयोग नेमला, त्याला हिल्टन यंग आयोग म्हणतात. डिसेंबर १९२५ मध्ये बाबासाहेबांनी आयोगापुढे साक्ष दिली. देशात तेव्हा दोन तट होते. एका बाजूला १ शिलिंग ६ पेन्स, दुसऱ्या बाजूला १ शिलिंग ४ पेन्स. गिरणीमालक, व्यापारी आणि बरेच राष्ट्रीय पुढारी ४ पेन्सवाले. दर उतरला की निर्यातीच्या प्रत्येक पौंडाला जास्त रुपये मिळतात, शेतकऱ्यालाही भाव मिळतो, असं त्यांचं म्हणणं. बाबासाहेबांनी वेगळंच विचारलं. हा जास्तीचा नफा येतो कुठून? उतरत्या रुपयाने वस्तू महागतात, पण मजुरी तेवढी लगेच वाढत नाही. म्हणजे धंदेवाल्याचा नफा हा बाहेरून आलेला पैसा नसतो, तो कमावून खाणाऱ्याच्या ताटातून गेलेला असतो. देशाचा फायदा असं म्हणताना त्या देशात कोण कोण मोजलं आहे, ते आधी सांगा!

आयोगाने १ शिलिंग ६ पेन्सचा कौल दिला. पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी त्याविरुद्ध आपली भिन्नमतपत्रिका जोडली. मार्च १९२७ मध्ये दिल्लीच्या कायदेमंडळात यावर जोरदार भांडण झालं आणि १ एप्रिलपासून दर लागू झाला. त्याच मार्चच्या २० तारखेला बाबासाहेब कुठे होते? महाडला, चवदार तळ्यावर, हजारो लोकांबरोबर ओंजळभर पाणी पिण्यासाठी. मला या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. दिल्लीत रुपयाची किंमत ठरत होती, महाडला माणसाची.

इथे एक-दोन गोष्टी प्रामाणिकपणे लिहायला हव्यात. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या पुस्तकावरूनच झाली, असं भाषणांत सांगतात. मध्यवर्ती बँकेची शिफारस या आयोगाने केली आणि १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली, हे खरं. बाबासाहेबांची साक्ष आयोगापुढे होती, हेही खरं. पण त्यांचा स्वतःचा उपाय सोन्याचा आणि मर्यादेचा होता, तो कोणी घेतला नाही. १९३१ मध्ये तर इंग्लंडनेच सोनं सोडलं. मंदीत शेतमालाचे भाव कोसळले, तेव्हा ६ पेन्सचा चढा दर शेतकऱ्याला जड गेला, असं म्हणणाऱ्यांच्या बोलण्यातही तथ्य होतं. म्हणजे त्यांचं उत्तर आज जसंच्या तसं चालणार नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न जुना झालेला नाही.

पुढचं आयुष्य तुम्हाला माहीत आहे. गोलमेज परिषदा, मजूरमंत्रीपद, राज्यघटना, १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला दिल्लीत महापरिनिर्वाण. १९४७ मध्ये, म्हणजे ऐन धामधुमीत, त्यांनी रुपयावरच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली होती. ते गेले त्या दिवशीही पौंडाचा दर तोच होता, १ शिलिंग ६ पेन्स. तो मोडला ६ जून १९६६ च्या अवमूल्यनात. पौंड १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला आणि डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर.

हे सगळं वाचून झाल्यावर मी पुन्हा एक्सेल शीट उघडली. तोच पिवळा चौकोन. माझ्यासाठी तो चौकोन म्हणजे फक्त माझं कर्ज होतं. आमच्या मजल्यावरच्या एका मुलीचा भाऊ परदेशात आहे. डॉलर चढला की ती खूश असते, घरी जास्त रुपये येतात. आणि आमच्या मेसच्या मावशी? त्यांनी आयुष्यात डॉलर पाहिलेला नाही. पण आपल्या देशात खायचं तेल मोठ्या प्रमाणात बाहेरून येतं. रुपया उतरला की त्यांच्या घरचा तेलाचा डबा महागतो आणि पगार वर्षाच्या वर्षाला, तोही मागितला तरच वाढतो. एकच आकडा, एकाच हॉस्टेलमध्ये, तिघींना तीन वेगळे हिशेब देतो.

परवा मी मावशींना सहज विचारलं की तेलाला महिन्याला किती जातात. त्या हसल्या. म्हणाल्या, कोणी विचारत नाही गं हे. मग बोटांवर मोजून सांगितलं, अगदी पैशापर्यंत. मी तो आकडा शीटमध्ये लिहून ठेवला आहे, पिवळ्या चौकोनाच्या अगदी शेजारी. त्याने माझं कर्ज कमी होणार नाही. पण पप्पांनी पुन्हा विचारलं की हा दर ठरवतं तरी कोण, तर या वेळी मी गप्प बसणार नाही. ठरवतं कोण ते सांगेन, आणि भरतं कोण तेही.